मधलं टिंब

९ जानेवारी

माझ्या भिंगरीला आजीचे ओंजळभर आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. मी ते तीनदा वाचलं आणि चौथ्यांदा शेजारच्या शिंपिणीला वाचून दाखवलं. तिला म्हटलं, बघ, नात सतरा यत्ता शिकली, एवढ्या मोठ्या प्रयोगशाळेत लागली, आणि अडली तेव्हा विचारते कुणाला? तिसरी पास आजीला! शिंपीण म्हणाली, "आजी, जरा खाली उतरा, पडाल." म्हणू दे. तिची नात तिला फक्त चार्जर कुठे ठेवलाय ते विचारते.

तुझी आई म्हणाली, "सासूबाई, आता महिनाभर हेच ऐकायचंय ना आम्ही?" मी म्हटलं, दोन महिने.

आता कामाचं. तू लिहिलंस की तुमच्या लांबचं बघायच्या यंत्राला जेवायच्या ताटाएवढी काच आहे आणि कितीही पुसली तरी मधोमध धूसर राहते. बाई गं, ती धूसर झाक काचेत नाही, तुमच्या हातात आहे. तुम्ही शिकलेली माणसं पुसायला मधूनच सुरुवात करत असणार. फडकं पहिल्यांदा जिथे टेकतं तिथेच सगळा कचरा सोडतं. मी चष्म्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं भिंगं घासली, मी आणि माझ्या ओळीतल्या अकराजणी. मुकादमाने पहिल्या दिवशी एवढंच शिकवलं होतं, की कडेवरून सुरू कर, गोल गोल आत ये, मधे पोचलीस की थांबू नकोस, हात उचलून घे. त्या मुकादमाचे दात इतके पुढे होते की तो हसतोय की खवळलाय हे आम्हाला कधी कळलं नाही. आम्ही दोन्हीला घाबरायचो. कुठून कुठे गेले मी.

हां, दुसरं. काच साफ झाली की नाही हे यंत्राला विचारू नकोस. चष्मा काढ. डावा डोळा मीट. तोंड खाली ने, गाल काचेला टेकेल इतकं, आणि तिरकं बघ, भरलेल्या तळ्यावरून पलीकडे बघतो ना, तसं. धूसर झाक असेल तर आपणहून उठून उभी राहते. चष्मा काढूनच बरं का. काचेतून काच बघणं म्हणजे मोजे घालून पाय धुणं.

तुझ्यासाठी स्वेटर घातलाय विणायला. बारीकच आहेस की जाडी झालीस ते कळव, त्याप्रमाणे टाके वाढवीन.

तुझी,
फुगलेली आजी


२४ जानेवारी

प्रिय आजी,

गेली! कडेवरून आत, मधे न थांबता. मधली धूसर झाक साफ गेली. मोठ्या साहेबांनी विचारलं, हे कुठल्या पुस्तकात आहे? मी म्हटलं, माझ्या आजीत. ते म्हणाले, पत्ता दे त्यांचा, कामावर ठेवू.

तुझं तिरकं बघणं मात्र इथे चालत नाही. खोलीत शिरतानाच आम्हाला जाड रंगीत चष्मे घालावे लागतात. नियमच आहे तसा. त्यातून धूसर-बिसर काही दिसत नाही.

आता एकच अडचण उरलीय. यंत्र पूर्ण जोरात चालवलं की काच एका जागी तापते आणि तिथे बारीक फोड येतो, मोहरीएवढा. प्रत्येक काचेला वेगळ्या जागी. तीन काचा गेल्या. काच बनवणारे छातीवर हात ठेवून सांगतात की काचेत दोष नाही. तुमच्याकडे कधी झालं होतं का असं?

मी बारीकच आहे. बाह्या लांब ठेव.

तुझी भिंगरी


३ फेब्रुवारी

माझ्या लाडक्या भिंगरीला, गालांवरून हात फिरवून आशीर्वाद.

कामावर ठेवणार म्हणे! साहेबांना विचारून ठेव, मला दुपारी एक डुलकी लागते, चालेल का. आणि खुर्ची खिडकीशी हवी. शिंपीण आता मला साहेबच म्हणते. काल म्हणाली, "साहेब, सुईत दोरा ओवून देता का?" मी दिला ओवून, चष्म्याशिवाय, पहिल्या फटक्यात, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. तिचं तोंड असं झालं की मी दिवसभर आठवून आठवून हसले.

फोडाचं विचारलंस. झालं होतं आमच्याकडे, तेही सांगते. पण तुझं पत्र आल्यापासून डोक्यात एक गोष्ट कुरकुरतेय, तिचं आधी बघू.

मी जन्मभर बघायच्या काचा केल्या. चष्म्याच्या केल्या, दुर्बिणीच्या केल्या, एकदा तर एका आगबोटीच्या कप्तानाच्या दुर्बिणीची केली. बघायची काच कधी तापत नाही गं. बघायला उजेड लागतो तो केवढासा! बाहेरून आत येतो, मुंगीच्या पावलांनी. तुमचं यंत्र तर लांबचं बघणारं, म्हणजे आणखीच थोडा. चांदण्यांनी कुणाची काच पोळली आहे का?

काल भांडी पुसत होते. हातातलं ताट तसंच हातात राहिलं. जी काच पोळते, तिच्यातून उजेड आत येत नसणार, बाहेर जात असणार. आणि जो उजेड जाता जाता काचेला फोड आणतो, तो जिथे पोचत असेल तिथे काय होत असेल?

भिंगरी, तुमचं यंत्र बघत नाही. फेकतं. कशावर फेकतं?

खरं सांग. लहानपणी बरणी फोडलीस तेव्हा सांगितलं होतंस तसं. मी तेव्हा मारलं नव्हतं.

आजी


१९ फेब्रुवारी

प्रिय आजी,

तुझं पत्र मी जिन्यातच तीनदा वाचलं. मी वर्षभर जे लपवलं ते तू ताट पुसता पुसता शोधलंस.

हो. ते लेझरचं शस्त्र आहे, लढाऊ विमानाच्या पोटाखाली बसवायचं. पेपरात फोटो येऊन गेलाय, म्हणून एवढं सांगू शकते, याहून जास्त विचारू नकोस. विमानावर क्षेपणास्त्र सोडलं की ते इंजिनाची धग बघत बघत मागे लागतं. त्याच्या टोकाला डोळा असतो. आमचा झोत तो डोळा जाळतो. आंधळं झालं की ते भरकटतं आणि वैमानिक घरी येतो. म्हणजे बघ, आम्ही माणूस वाचवतो. मी रोज स्वतःला हे सांगते आणि त्यात खोटं काही नाही.

पण गेल्या महिन्यात झोत वाढवून पाहिला. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पत्रा उभा केला होता. आवाज नाही, उजेड नाही. झोत डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. मला वाटलं काहीतरी कडाडेल, उडेल. पत्रा नुसता उभा होता आणि मग त्याला भोक होतं. साहेब म्हणाले, हे पुढच्या टप्प्यासाठी, पुढे विमानंही पाडता येतील.

तुला सांगितलं नाही, कारण तू एकतीस वर्षं लोकांना दिसावं म्हणून घासलंस. तुला कुठल्या तोंडाने सांगणार होते?

फोड का येतो ते सांगशील ना? पुढच्या महिन्यात चाचणी आहे.

तुझी भिंगरी


२८ फेब्रुवारी

भिंगरी,

आशीर्वाद शेवटी लिहीन. आधी बाकीचं.

पत्र वाचून मी मटकन खाली बसले. तुझी आई धावत आली, "पडलात का?" मी म्हटलं, नाही, बसले. तिला काही सांगितलं नाही. तिच्या लेखी तू अजून लांबचं बघतेस.

डोळा जाळतो! अगं, हे शब्द तुझ्या हाताने लिहवले तरी कसे? आमच्या ओळीतल्या एकीच्या डोळ्यात भिंगाचा कण गेला होता. त्या दिवशी कुणी डबा उघडला नाही. एका डोळ्यासाठी, आणि तोही वाचला. तुमच्याकडे त्याची चाचणी असते, तारीख ठरते.

तू म्हणशील, क्षेपणास्त्रात कुठे जीव असतो. नसेल. पण पुढे विमानं, असं तूच लिहिलंस. विमानात कुणीतरी बसलेलं असतं ना? त्यालाही कुणीतरी बाहीचं माप विचारत असेल. आणि बंदूक निदान आवाज तरी करते गं. माणूस दचकतो, वाकतो, हाक मारतो कुणाला तरी. इथे तेवढीही उसंत नाही. नुसता उभा होता आणि मग भोक होतं. तुझं हे वाक्य दोन दिवस माझ्या मागे फिरतंय. भाजी चिरताना, दार लावताना, केस विंचरताना. मी आपली एकदम थांबते आणि शिंपीण विचारते, "साहेब, काय झालं?"

मी अडाणी बाई. वैमानिक घरी यावा हे मला कळतं. तो आला नाही तर त्याच्या आईला काय सांगणार, हेही कळतं. सरळ बघून झालं, तिरकं बघून झालं. मग मला जेवढं करता येतं तेवढं करते.

फोड का येतो ते मला माहीत आहे. तू विचारलंस तेव्हाच कळलं होतं.

सांगणार नाही.

स्वेटर चालू आहे. रागाने टाके घट्ट येताहेत. आशीर्वाद आहेतच, ते कुठे जाणार.

आजी


६ एप्रिल

प्रिय आजी,

उत्तराला उशीर झाला, कामात होते. तू रागावलीस त्यात काही चूक नाही. चाचणी पुढे गेली. माझं छान चाललंय. जरा डोळे आलेत, बाकी काही नाही. फोन बिघडलाय म्हणून आईला करत नाही, तिला सांग. स्वेटरची घाई करू नकोस.

तुझी भिंगरी


१२ एप्रिल

भिंगरी, बाळा,

राग कुठे गेला ते माझं मलाच कळलं नाही. तुझं पाकीट फोडलं आणि गेला.

डोळे आलेत म्हणतेस. डोळे आले की माणूस फराटे मारतो, पाणी गळतं, कागदावर डाग पडतात. तुझा कागद कोरडा आहे. आणि ओळी एकीवर एक चढल्यात. दोन ठिकाणी तू एका शब्दावरच दुसरा शब्द लिहिलास आणि तुला पत्ताही नाही. तुझं अक्षर मी ओळखते गं, पहिल्यांदा पाटीवर काढलंस तेव्हापासून. हे अक्षर चुकलेलं नाही, हे न दिसलेलं आहे.

कारखान्यात दर सोमवारी कामावर बसण्याआधी मुकादम आमच्यापुढे एक कागद धरायचा. उभ्या-आडव्या रेघांच्या चौकटी आणि मधे काळं टिंब. एक डोळा झाकून टिंबाकडे बघायचं आणि काय दिसतं ते सांगायचं. रेघ वाकडी दिसली की त्या बाईला तो पॉलिशवरून उठवून डॉक्टरकडे धाडायचा. त्याच्या दातांना आम्ही हसायचो, पण त्या कागदाला कुणी हसलं नाही.

तसा कागद सोबत ठेवलाय. फूटपट्टीने मीच आखलाय. टिंब शिंपिणीकडच्या बटणाभोवती पेन्सिल फिरवून काळं केलंय. आधी डावा डोळा झाकून बघ, मग उजवा.

मोठं पत्र नको. हवापाण्याचं नको. एवढंच लिही, टिंब दिसतं की नाही.

तुझी आजी


३० मे

प्रिय आजी,

टिंब दिसत नाही.

डाव्या डोळ्याने दिसतं. उजव्याने चौकटी दिसतात, कडेच्या रेघा दिसतात, आणि मधे काही नाही. तुझा कागद महिनाभर उशाशी होता. हे पत्र डाव्याने लिहितेय म्हणून ओळी सरळ आहेत. मागचं मी मुद्दाम डावा झाकून लिहिलं होतं, जमतं का बघायला. मला वाटलं जमलं.

दहा मार्चला झालं. चौथी काच बसवली होती. तू सांगणार नाही म्हणालीस, म्हणून मी ठरवलं, आपणच शोधू. मोठा झोत मी स्वतः बंद केला. पण नेम धरायला एक छोटा झोत असतो, तो चालू राहिला होता. तोही न दिसणारा. खोलीत कुणी नव्हतं. मी रंगीत चष्मा काढला. डावा डोळा मिटला. गाल काचेला टेकेल इतकी वाकले आणि तिरकं पाहिलं, भरलेल्या तळ्यावरून पाहतात तसं.

आणि आजी, खरंच दिसलं. काचेच्या आत एक पुसट रेघ होती, तू म्हणाली होतीस तशीच उठून उभी राहिली. मला इतका आनंद झाला! तेवढ्यात डोळ्याच्या आत टक् असं वाजलं, कुणी टिचकी मारावी तसं. दुखलं नाही. मी सरळ उभी राहिले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. घड्याळाचे आकडे होते, काटे नव्हते.

डॉक्टर म्हणतात, मधलं परत येणार नाही. डावा झाकला की समोरच्या माणसाचे खांदे दिसतात, कान दिसतात. चेहरा नसतो.

तुझी चूक नाही हे आधी वाच आणि मग पुढे जा. चष्मा काढायचा नाही हा नियम मला पाठ होता, तुला नव्हता.

फोडाचं कारण त्यांना सापडलं. मी पाहिलेली रेघ जिथे होती तिथेच काच कापली. घासताना पडलेल्या ओरखड्यात पॉलिशची लाल पावडर अडकते, वर पॉलिश चढतं आणि ओरखडा बुजतो. बाहेरून चकचकीत, आत पावडर. तीच तापते. हेच होतं ना तुझ्या मनात? मी दवाखान्यात होते तेव्हाच सापडलं, नऊ दिवसांत.

मागच्या मंगळवारी विमान उडालं. मलाही बघायला बोलावलं. चाचणीच्या क्षेपणास्त्राच्या डोळ्याला जे दिसत होतं ते आम्हाला पडद्यावर दिसत होतं. विमान आधी ठिपक्याएवढं, मग चिमणीएवढं, मग हाताएवढं. आणि एकदम बरोबर मधोमध पांढरं भोक. कडेचं आकाश तसंच, ढग तसेच, मधे काही नाही. सगळे उठून टाळ्या वाजवायला लागले. साहेबांनी माझं नाव घेतलं, माझ्यामुळे हे झालं म्हणाले.

आजी, मी ते भोक ओळखलं. रोज सकाळी डोळे उघडले की तेच असतं. पडद्याला आवाज नव्हता, पण मला टक् ऐकू आलं. मला उठताच येईना.

साहेब म्हणतात राहा, टेबलावरचं काम देतो. काय करू, तू सांग.

तुझी भिंगरी


५ जून

माझ्या भिंगरीला, डोळ्यांवरून हात फिरवून आशीर्वाद.

पहिली ओळ वाचली आणि पुढचं वाचायला मला दोन दिवस लागले. पत्र डब्यात ठेवत होते, काढत होते. शिंपीण येऊन बसली, माझ्या हातातल्या लोकरीचा गुंता सोडवत राहिली. तिला गप्प बसता येतं हे मला पहिल्यांदा कळलं.

हो. तेच होतं माझ्या मनात. लाल पावडर. चष्म्याची चौकट गरम करून भिंग बसवताना आमच्याकडे एकदा लागोपाठ सहा भिंगं तडकली, तेव्हा मुकादमाने एक फोडून दाखवलं होतं. चार ओळींत लिहिता आलं असतं. त्या चार ओळी मी गिळल्या, वाटलं एवढ्याने तुमचं यंत्र अडेल. त्यांना नऊ दिवस पुरले. आणि चष्मा काढ, हे मात्र न विचारता लिहिलं, वर पुन्हा 'काढूनच बरं का' म्हणून लिहिलं, फुशारकीत. जे सांगायचं ते दाबून ठेवलं आणि जे नको ते बोलून बसले. तुझ्या पत्रात रंगीत चष्म्याचा नियम होता. मी तो वाचला होता गं. वाचून पुढे गेले, शिंपिणीच्या सुईकडे.

चूक नाही म्हणतेस. तू मोठ्या मनाची आहेस. तू तुझ्याकडून पुसून टाक. मी माझ्याकडे राहू देते.

काय करू विचारतेस. मागच्या खेपेला मी माहीत असून सांगितलं नाही. या खेपेला लपवत नाही, खरंच माहीत नाही. वैमानिक अजूनही घरी यायला हवा आणि ते भोक अजूनही भोकच आहे. फक्त एवढं की सगळे उभे राहिले तेव्हा तू बसून होतीस, ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचतेय. तूही वाच.

तुझ्या आईला सगळं सांगितलं. भिंतीला टेकून उभी राहिली. आधी तिला खरंच वाटेना, म्हणाली, "नेमका मधलाच भाग?" जणू कडेचा गेला असता तर तिने चालवून घेतलं असतं. मग डोळे पुसले आणि म्हणाली, "सासूबाई, आधी तुम्ही जा. मी गेले तर नुसती रडेन. तुम्ही निदान बडबड कराल."

तर मी येतेय. गुरुवारी सकाळच्या बसने, एकटी. स्वेटर झालाय. एक बाही घट्ट आहे, एक सैल. कुठली रागात विणली ते घातल्यावर कळेल. रेघांचे कागद वहीभर आखून आणतेय.

आणि ऐक. कडेने बघणं हे माझं काम आहे. एकतीस वर्षं मी सरळ बघितलंच नाही. नजर हव्या त्या गोष्टीवर ठेवायचीच नाही, जरा बाजूला ठेवायची, आणि धीर धरायचा. मग ती गोष्ट कडेकडेने आपणहून येते. महिनाभर मान दुखते, मग जमतं. आमच्या ओळीतल्या सगळ्यात मठ्ठ बाईलाही जमलं होतं, ती मीच. डावा आहे ना, मग उजव्याला कशाला राबवायचं, असं म्हणू नकोस. जेवढा उरलाय तेवढा तुझा आहे.

सुरुवात बसथांब्यावरच करू. बस थांबली की डावा डोळा हाताने झाक. माझा चेहरा शोधू नकोस. बसच्या दाराच्या वरच्या कोपऱ्याकडे बघ आणि तिथेच बघत राहा. मी खालच्या पायरीवर तोंड वर करून उभी असेन. मागचे लोक ढकलू देत, कंडक्टर ओरडू दे. तू "दिसलीस" म्हणेपर्यंत मी पायरी सोडणार नाही.

तुझी आजी